वाचकांचे प्रश्न : पेटीत न सापडणारा गंधार

प्रश्न : आमच्या घरात बरेच दिवस एक वाद चालू आहे. माझी मुलगी महाविद्यालयात शिकते. २०२५ च्या जानेवारीत एड शीरन पुण्यात आला तेव्हा ती मैत्रिणींबरोबर गेली होती, आणि त्याच महिन्यात कोल्डप्लेला ऐकायला नवी मुंबईलाही जाऊन आली. पॉप आणि रॉक संगीत करावे ते ब्रिटिशांनीच, असे तिचे ठाम मत आहे. माझा धाकटा भाऊ १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकल जॅक्सनच्या कार्यक्रमासाठी मुंबईला गेला होता, आणि अमेरिकेपुढे बाकीचे कोणी उभेही राहू शकत नाही असे तो आजतागायत म्हणतो. मी स्वतः शास्त्रीय संगीत ऐकणारा माणूस आहे, त्यामुळे दोघेही निकाल माझ्याकडे मागतात. या दोन देशांपैकी कोणाचे लोकप्रिय संगीत श्रेष्ठ, हे ठरवायला काही आधार आहे का?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : निकाल मी आधीच सांगून टाकतो. माझा कौल अमेरिकेला आहे. मात्र तो ज्या कारणासाठी आहे ते आपल्या बंधूंच्या मनात बहुधा नसेल, आणि ब्रिटिशांच्या बाजूने बोलण्यासारखे जे आहे ते आपल्या कन्येला वाटते त्याहूनही अधिक आहे. आपण शास्त्रीय संगीत ऐकता हे फार बरे झाले, कारण मला जे सांगायचे आहे ते सूर आणि मात्रांच्या भाषेत सांगता येईल.

मी नारायण पेठेतल्या एका वाड्यात वाढलो. शेजारच्या बिऱ्हाडातला थोरला मुलगा शिकायला अमेरिकेला गेला होता, आणि एका सुट्टीत घरी येताना त्याने मडी वॉटर्स या गायकाची एक लाँगप्ले रेकॉर्ड आणली होती. माझे मामा नाट्यसंगीताला पेटीची साथ करत असत. त्यांनी ती रेकॉर्ड ऐकली, पेटी पुढे ओढली, षड्ज जुळवून घेतला आणि गाण्याचे सूर पट्ट्यांवर शोधायला सुरुवात केली. बाकीचे स्वर मिळाले, गंधार मिळेना. कोमल गंधार दाबला की गायकाचा सूर त्याच्या किंचित वर राही, शुद्ध गंधार दाबला की तो किंचित खाली राही. मामांनी आम्हाला सुई आठ-दहा वेळा मागे ठेवायला लावली, तीच ओळ पुन्हा पुन्हा ऐकली, आणि शेवटी भाता मिटून म्हणाले, "हा गंधार पेटीत नाही. हा गळ्यातच आहे."

मामांना त्या दिवशी जे सापडले त्यालाच तिकडे ब्लू नोट म्हणतात, आणि माझ्या निकालाचा पाया तोच आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या गळ्यातली स्वरांची जाण आणि युरोपातून आलेल्या वाद्यांचे ठरीव स्वर यांची गाठ अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या शेतांत, प्रार्थनाघरांत आणि गुत्त्यांत पडली, आणि त्या गाठीतून असे एक गाणे जन्मले जे ना आफ्रिकेत होते ना युरोपात. हेच ब्लूज. त्याचा आराखडाही पाहण्यासारखा आहे. ब्लूजचे एक आवर्तन सहसा बारा मापांचे असते, एका मापात चार मात्रा, म्हणजे सगळे मिळून अठ्ठेचाळीस मात्रा. पहिली ओळ चार मापांत येते. पुढच्या चार मापांत तीच ओळ पुन्हा येते, पण तेवढ्यात खालचा स्वरमेळ, म्हणजे साथीला एकदम वाजणारे स्वर, षड्जावरून मध्यमावर सरकलेला असतो, त्यामुळे शब्द तेच असूनही त्यांचा अर्थ गडद होतो. तिसरी ओळ पंचमाच्या स्वरमेळावर सुरू होऊन खाली उतरत षड्जाला येते आणि आधीच्या दोन ओळींना उत्तर देते. एवढ्याशा जागेत गायकाने काय काय करावे याला सीमा नाही, हे ज्याने एकाच रागाची वेगवेगळ्या गायकांकडून वेगवेगळी मांडणी ऐकली आहे त्याला समजावून सांगावे लागू नये.

ठेक्याचेही तसेच. समेवर मान डोलवण्याची आपल्याला सवय असते. या संगीतात चार मात्रांपैकी जोर पडतो तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आणि टाळीही तिथेच पडते. आपल्या मुलीला आवडणारे कोणतेही गाणे लावून पाहा. ड्रमवरचा कडक आवाज कुठे येतो तेवढे मोजा. गायक लंडनचा असो की लॉस एंजेलिसचा, तो आवाज बहुतेक वेळा दोन आणि चारवरच येईल, कारण ही चाल अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनागीतांतून आणि नृत्यगीतांतून जगभर गेली आहे.

ब्लूज, जॅझ, गॉस्पेल म्हणजे चर्चमधली प्रार्थनागीते, रॉक अँड रोल, सोल, फंक, डिस्को, हिप-हॉप, शिकागोचे हाउस, डेट्रॉइटचे टेक्नो हे सगळे प्रकार अमेरिकेतले आहेत, आणि बहुतेकांच्या मुळाशी कृष्णवर्णीय वस्त्यांतली माणसे आहेत. हिप-हॉपचा आरंभ ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका निवासी इमारतीत झालेल्या घरगुती समारंभापाशी नेतात. तिथे रेकॉर्ड वाजवणारा कूल हर्क हा तरुण मूळचा जमैकाचा होता. बेरी गॉर्डी याने १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन डेट्रॉइटमध्ये मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली. तो त्याआधी मोटारींच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम करत असे. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्या एका घरवजा स्टुडिओतून जे बाहेर पडले त्यातले जेम्स जेमरसनचे बास गिटारवादन जरी वेगळे काढून ऐकले, तरी कोणाही जाणकाराचा दिवस सत्कारणी लागेल. स्टीव्ही वंडर अकरा वर्षांचा असताना मोटाउनमध्ये आला, आणि १९७२ ते १९७६ या काळात त्याने जे अल्बम केले त्यांच्या तोडीचे सलग काम लोकप्रिय संगीतात दुसऱ्या कोणी केल्याचे मला आठवत नाही. आपल्या बंधूंनी मायकल जॅक्सनवर थांबू नये, त्याच्या मागे उभ्या असलेल्या या माणसाकडे जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता ब्रिटिशांविषयी. लोकसंख्येने अमेरिकेच्या एक तृतीयांशही नसलेल्या या देशाने १९६४ मध्ये अमेरिकेला तिच्याच संगीतात मागे टाकले. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी लिव्हरपूलच्या चौघांचा बँड, बीटल्स, अमेरिकी दूरचित्रवाणीवर आले तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी त्यांना पाहिले, आणि त्याच वर्षी ४ एप्रिलच्या बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या यादीत पहिली पाचही गाणी बीटल्सची होती. हे केवळ चार हुशार मुलांमुळे झाले असे मला वाटत नाही. ब्रिटनमधली सक्तीची लष्करी सेवा त्याच सुमारास संपली होती. सप्टेंबर १९३९ नंतर जन्मलेल्यांना ती करावी लागली नाही, त्यामुळे १९४० साली जन्मलेल्या, बीटल्समधल्या जॉन लेननच्या पिढीला अठराव्या वर्षी बंदुकीऐवजी गिटार हाती धरता आली, तर अमेरिकेचा रॉक अँड रोल गायक एल्व्हिस प्रेस्ली याला मात्र १९५८ ते १९६० अशी दोन वर्षे सैन्यात काढावी लागली होती. त्याआधी लॉनी डोनेगन या ब्रिटिश गायकाने लेडबेली या अमेरिकी ब्लूज गायकाच्या रेकॉर्डवरून ऐकलेले एक अमेरिकी लोकगीत १९५६ मध्ये ब्रिटनभर गाजवले होते. स्किफल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या गाण्याला चहाच्या खोक्याला दांडी आणि दोरी लावून केलेला बास आणि कपडे धुण्याची फळी एवढे पुरे असे, आणि ते ऐकून गावोगावच्या पोरांनी आपापली मंडळी उभी केली. भर पडली ती कलाशाळांची. लेनन लिव्हरपूलच्या, पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेलेला कीथ रिचर्ड्स सिडकपच्या, आणि द हू या बँडचा पीट टाउनशेंड ईलिंगच्या कलाशाळेत होता. परीक्षेच्या ओझ्याखाली नसलेली, चित्रे काढणारी आणि दुपारभर रेकॉर्ड ऐकणारी ही मुले होती.

बीबीसीचाही यात वाटा आहे, आणि तो विलक्षण आहे. वादकांची संघटना आणि रेकॉर्ड कंपन्या यांच्याशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला दिवसात ठरावीक तासच रेकॉर्ड वाजवता येत, म्हणून उरलेल्या वेळात बँडांना बोलावून प्रत्यक्ष वाजवून घ्यावे लागे. १९६२ ते १९६५ या काळात बीटल्सनी बीबीसी रेडिओसाठी ८८ गाणी मिळून २७५ वेळा सादर केली. एवढा रियाज, तोही देशभर ऐकला जाणारा, कोणत्या अमेरिकी बँडला मिळाला असेल? शिवाय सगळा देश एकच रेडिओ ऐकत होता. अमेरिकेत शेकडो केंद्रे होती आणि त्यांच्यात वर्णाची भिंत होती. कृष्णवर्णीयांच्या रेकॉर्डांसाठी बिलबोर्डने १९४९ पर्यंत 'रेस' या नावाची वेगळी यादी ठेवली होती. त्यानंतर नाव बदलले, यादी वेगळीच राहिली. शेजारच्या वस्तीत जे गायले जात होते ते उपनगरातल्या गोऱ्या मुलाच्या कानावर पडण्याची खात्री नव्हती, आणि समुद्रापलीकडे इंग्लंडमधली मुले मात्र तेच गाणे टपालाने मागवून, सुई मागे-मागे ठेवून, अक्षर न् अक्षर पाठ करत होती.

ऑक्टोबर १९६१ मध्ये डार्टफर्ड स्थानकाच्या फलाटावर कीथ रिचर्ड्सला त्याचा बालपणीचा ओळखीचा मुलगा मिक जॅगर दिसला. त्याच्या काखेत चक बेरीच्या आणि मडी वॉटर्सच्या रेकॉर्ड होत्या. त्या भेटीतून रोलिंग स्टोन्स उभे राहिले, आणि बँडचे नावही त्यांनी मडी वॉटर्सच्या गाण्यावरूनच घेतले. दुसरा फलाट मँचेस्टरचा. मे १९६४ मध्ये ग्रॅनडा दूरचित्रवाणीने बंद पडलेल्या एका रेल्वे स्थानकावर ब्लूज गायकांचा कार्यक्रम चित्रित केला. एका फलाटावर कलावंत आणि रुळांपलीकडच्या फलाटावर दाटीवाटीने बसलेली इंग्रज मुले-मुली, अशी ती मांडणी होती. पाऊस पडून गेला होता. एकोणपन्नास वर्षांची सिस्टर रोझेटा थार्प जाड कोट घालून ओल्या फलाटावर आली, तिने विजेची गिटार गळ्यात अडकवली आणि पावसाचेच एक गॉस्पेल गायला सुरुवात केली. हे चित्रीकरण आजही पाहायला मिळते. आपण, आपली मुलगी आणि आपले बंधू यांनी ते एकत्र बसून पाहावे. गाणारी अमेरिकेची आहे, ऐकणारे ब्रिटनचे आहेत, आणि आपल्या घरातला वाद नेमका त्या दोन फलाटांमधल्या रुळांवर उभा आहे.

पुढच्याच वर्षी, मे १९६५ मध्ये, एका अमेरिकी वाहिनीने रोलिंग स्टोन्सना बोलावले तेव्हा हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकालाही बोलावले पाहिजे असा त्यांनी हट्ट धरला. वुल्फ त्या वेळी चोपन्न वर्षांचा होता, त्याचे घर शिकागोत होते, आणि त्याच्या देशाच्या पडद्यावर त्याला आणायला लंडनची मुले लागली. तो गात असताना ती मुले त्याच्या पायाशी बसली आहेत, हे दृश्य मला फार भावते.

म्हणून ब्रिटिशांचा मोठेपणा मी त्यांच्या कानात मानतो. आपल्याकडे याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. किराणा घराणे उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचे. अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी गदगहून निघून पुण्यात राहिले. १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव भरतो आहे, आणि हजारो पुणेकर त्या गायकीला आपली गायकी मानतात. ती इथे जन्मली नाही. इथे तिला ऐकणारे मिळाले, आणि त्या ऐकण्याने ती वाढली. ब्लूजच्या बाबतीत लंडन आणि लिव्हरपूल यांनी हेच केले.

त्यानंतर मात्र हिशेब इतका सरळ राहत नाही. जिमी हेंड्रिक्स सिएटलचा. अमेरिकेत तो इतरांच्या मागे उभा राहून गिटार वाजवत होता. सप्टेंबर १९६६ मध्ये तो लंडनला गेला, दोन इंग्रज वादक त्याच्या जोडीला आले, आणि काही महिन्यांत इंग्लंडचे नामवंत गिटारवादक त्याला ऐकायला गर्दी करू लागले. जून १९६७ मध्ये तो माँटेरेच्या महोत्सवासाठी अमेरिकेला परतला तो लंडनने मान्यता दिलेला कलावंत म्हणून. त्याला कोणत्या पारड्यात टाकणार? १९६५ च्या अखेरीस बीटल्सचा एक अल्बम ऐकून बीच बॉइज या अमेरिकी बँडचा ब्रायन विल्सन अस्वस्थ झाला आणि त्याने १९६६ मध्ये 'पेट साउंड्स' हा अल्बम केला. तो अमेरिकेत दहाव्या क्रमांकापर्यंतच पोहोचला, ब्रिटनमध्ये दुसऱ्या. तो ऐकून बीटल्समधला पॉल मॅकार्टनी अस्वस्थ झाला आणि बीटल्सचे १९६७ चे काम त्या अस्वस्थतेतून आले. फ्लीटवुड मॅक हा इंग्रज ब्लूज बँड १९६७ मध्ये निघाला, आणि त्यांचे सर्वाधिक खपलेले काम १९७७ चे, दोन अमेरिकी सोबत्यांना घेऊन कॅलिफोर्नियात केलेले.

आपल्या बंधूंकडे मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ची जुनी रेकॉर्ड असेल तर तिच्या मधल्या गोल कागदावर गाण्यांच्या नावांखाली बारीक अक्षरांत छापलेली रचनाकारांची नावे भिंग घेऊन वाचा. शीर्षकगीतासह तीन गाण्यांपाशी रॉड टेंपरटन हे नाव दिसेल. तो इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या क्लीथॉर्प्स गावचा इंग्रज होता. आपल्या मुलीकडे एमी वाइनहाउसचा २००६ चा अल्बम असेल तर त्यावर वाजवणाऱ्यांची नावे पाहा. लंडनच्या त्या मुलीच्या मागे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला डॅप-किंग्ज हा वाद्यवृंद आहे, आणि तो नसता तर त्या गाण्यांना साठीच्या दशकातल्या सोलचा तो दणकट ठेका मिळाला नसता.

तरीही निकाल बदलत नाही. ब्रिटनने काढलेली कोणतीही मोठी वाट मागे मागे गेलो की मला अमेरिकेतल्या एखाद्या वस्तीत नेऊन सोडते, आणि उलट दिशेने तसे क्वचितच होते. पहिला सूर ज्याने लावला त्याला मी मोठा मानतो.

प्रश्न : ब्रिटिश बँडांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलावंतांचे संगीत चोरले, असे अनेकदा वाचनात येते. हे खरे आहे का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : काही ठिकाणी खरे आहे, आणि तिथे तसे स्पष्ट म्हणायला हवे. विली डिक्सन हा शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीचा बासवादक आणि ब्लूजच्या शेकडो गाण्यांचा रचनाकार. लेड झेपलिन या ब्रिटिश बँडच्या १९६९ च्या एका सुप्रसिद्ध गाण्यात त्याच्या शब्दांचा उघड वापर होता आणि त्याचे नाव नव्हते. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली, आणि आता त्या गाण्याच्या श्रेयनामावलीत त्याचे नाव असते. मधली अठरा वर्षे ते नव्हते, आणि म्हातारपणी आपल्याच शब्दांसाठी न्यायालयात जावे लागणे ही लहान गोष्ट नाही. त्याच डिक्सनचे एक गाणे रोलिंग स्टोन्सनी १९६४ मध्ये त्याच्या नावानिशी गायले आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. म्हणजे रीत ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही.

मात्र हा दोष एकट्या ब्रिटिशांच्या माथी मारणे न्यायाचे नाही. एल्व्हिस प्रेस्लीची १९५४ सालची पहिली रेकॉर्ड आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकाच्या गाण्याची होती, आणि त्या गाण्याचे मानधन क्रूडपला हयातभर नीट मिळाले नाही. त्याला फसवणारे त्याच्याच देशातले होते. मोल बुडवण्याचे काम गायकांपेक्षा कंपन्यांनी आणि प्रकाशकांनी अधिक केले.

या बाबतीत मला आपल्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांचा अभिमान वाटतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. त्यात आणि पुढच्या नाटकांत चाली कुठून कुठून घेतल्या होत्या. कर्नाटकातून, लावणीतून, साक्यांतून, दिंड्यांतून, पुढे पूरब अंगाच्या ठुमऱ्यांतून. पण जुन्या नाटकाचे पुस्तक उघडा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द छापलेला असतो, आणि त्याच्यापुढे ज्या मूळ गाण्यावरून ती घेतली त्याचे पहिले शब्द. घेतले ते कुठून घेतले हे प्रेक्षकाला पदाआधीच कळते. ही एक ओळ लंडनच्या त्या रेकॉर्डांवर छापली गेली असती, तर विली डिक्सनला अठरा वर्षे वाट पाहावी लागली नसती.

प्रश्न : इंग्लंडचे गायक बोलताना इंग्रज आणि गाताना अमेरिकी का वाटतात?
— एक विद्यार्थिनी, डेक्कन जिमखाना, पुणे

उत्तर : कारण गाणे ते अमेरिकी रेकॉर्डवरून शिकले, आणि गाण्याबरोबर उच्चारही शिकले. आपले मराठी गायक ख्यालाची बंदिश ब्रज भाषेच्या वळणानेच म्हणतात, तसेच हे आहे. पीटर ट्रडगिल या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने बीटल्सच्या रेकॉर्डांतले उच्चार मोजून पाहिले, तेव्हा सुरुवातीच्या गाण्यांतला अमेरिकी 'र' पुढच्या वर्षांत कमी कमी होत गेल्याचे त्याला आढळले. स्वतःच्या गावाविषयी गाणी रचायला लागल्यावर गावाचा उच्चार परत आला, असे मी त्याकडे पाहतो. लंडनच्या किंक्स बँडचा रे डेव्हिस ऐका, शेफिल्डचा आर्क्टिक मंकीज हा बँड ऐका. त्यांची गाणी अमेरिकी उच्चारांत कल्पनेतही बसत नाहीत.

प्रश्न : फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला. मग क्वीनच्या संगीतावर आपला काही हक्क सांगता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : क्वीन या ब्रिटिश बँडच्या या गायकाचे मूळ नाव फारुख बुल्सारा. १९४६ मध्ये झांझिबारला एका पारशी कुटुंबात तो जन्मला, लहानपणी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत राहून शिकला, पियानो शिकला, आणि तिथेच मित्रांबरोबर 'हेक्टिक्स' नावाचा त्याचा पहिला बँड उभा राहिला. १९६४ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेले आणि पुढे तो ईलिंगच्या कलाशाळेत दाखल झाला. पाचगणीच्या त्या शाळेतल्या पियानोवर त्याचा हात बसला एवढे आपण आनंदाने आणि खात्रीने म्हणावे. त्यापलीकडे त्याच्या गाण्यांत आपला राग किंवा आपला ठेका शोधत बसू नये. मी शोधून पाहिला आहे, मला तो सापडला नाही.

पहिल्या प्रश्नाच्या संदर्भात क्वीनविषयी एक गोष्ट मात्र नोंदवावीशी वाटते. एकावर एक आवाज चढवत नेऊन रचलेले त्यांचे १९७५ चे सहा मिनिटांचे गाणे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. त्यात ऑपेराची ढब आहे, आणि ते इंग्रजी कलाशाळेतच जन्मावे असे आहे. अमेरिकेत मात्र क्वीनची दोनच गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. एक एल्व्हिसच्या धर्तीवर फ्रेडीने बांधलेले, आणि दुसरे न्यूयॉर्कच्या शिक या बँडच्या बासच्या चालीवरून क्वीनचा बासवादक जॉन डीकन याला सुचलेले.

प्रश्न : मी साठी ओलांडली आहे, नाट्यगीते आणि भावगीते ऐकत आले. हे संगीत नव्याने ऐकायचे तर सुरुवात कशी करावी?
— एक वाचिका, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : मोठी यादी देत नाही. एकच गाणे दोनदा ऐका. डेट्रॉइटजवळच्या मार्वलेट्स या मुलींच्या गटाने १९६१ मध्ये मोटाउनसाठी पोस्टमनला उद्देशून एक गाणे गायले. प्रियकराचे पत्र आले आहे का, पिशवीत पुन्हा एकदा बघ, एवढाच त्याचा विषय. त्यावर ड्रम वाजवणारा तरुण म्हणजे पुढे गायक म्हणून जगभर नावाजलेला मार्विन गे. दोन वर्षांनी, १९६३ मध्ये, बीटल्सनी तेच गाणे लंडनमध्ये मुद्रित केले आणि लेननने ते गायले.

संध्याकाळी घर शांत असताना आधी मार्वलेट्स लावा. मुख्य गाणारी मुलगी, ग्लॅडिस हॉर्टन, घाई करत नाही. पत्र येईल याची तिला अजून आशा आहे, आणि मागच्या मुली तिला धीर देत राहतात. टाळी दोन आणि चारवर पडते ती हाताने धरून पाहा, सुरुवातीला चुकेल, चुकू द्या. मग लेनन लावा. तोच आराखडा, तेच शब्द, पण आवाज घशाच्या कडेला घासत येतो आणि गिटारी पुढे ढकलत राहतात. पत्र येणार नाही हे त्याला कळून चुकले आहे असे वाटते. दोन्ही मिळून पाच मिनिटे लागतात. त्यानंतर पुन्हा पहिले लावा आणि या वेळी फक्त मागच्या मुलींचे आवाज ऐका.